एका दिवसाची सावड

पुण्याजवळ माणमध्ये एका खोलीत राहायला आले, तेव्हा सोमवारी सकाळी माझा आवाज फुटायचा नाही. शुक्रवारी ऑफिस सुटलं की आईच्या दोन मिनिटांच्या फोनखेरीज सोमवारपर्यंत माझं कुणाशी बोलणंच होत नसे. आई विचारायची, "जेवलीस का माय?" मी म्हणायचे, "जेवले." मग दोघी थोडा वेळ फोन नुसता धरून ठेवायचो. सोमवारच्या पहिल्या मीटिंगमध्ये तोंड उघडलं की आधी नुसती हवा यायची. शेवटी मी आंघोळ करताना मोठ्याने पाढे म्हणायची सवय लावून घेतली. एकोणतीसच्या पाढ्यापर्यंत आवाज ठिकाणावर येई.

लातूरच्या पलीकडे आमचं तालुक्याचं गाव. वडील मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाली करायचे, आई शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. याचं श्रेय माझं एकटीचं नाही. नववीत आमच्या बाईंनी मला शिष्यवृत्तीचा फॉर्म माझ्या हाताने भरायला लावला होता. "एकही रकाना मोकळा सोडायचा नाही आणि रकान्याबाहेर लिहायचं नाही," एवढंच त्यांनी सांगितलं. त्या एका वाक्यावर मी वसतिगृह मिळवलं, कॉलेज केलं, नोकरी मिळवली. आमच्या गल्लीतले सगळे फॉर्म मीच भरायचे. कुणाचं रेशनकार्ड, कुणाचा जातीचा दाखला, कुणाच्या म्हातारीची पेन्शन. फॉर्म भरणं ही माझी कला आहे असं मला वाटायचं, आणि त्याचा थोडा अभिमानही होता. पुढे जे घडलं ते त्या अभिमानातूनच घडलं, म्हणून हे आधी सांगते.

खोली दुसऱ्या मजल्यावर होती. खाली घरमालकीण काकू राहायच्या. त्यांची जमीन आयटी पार्कात गेली होती आणि आलेल्या पैशांतून काकांनी अकरा खोल्या बांधल्या होत्या. भाडं काका घ्यायचे. काकूंना काम नव्हतं. संध्याकाळी मी गेटमधून आत शिरले की त्या ओट्यावर बसलेल्या दिसायच्या. एकदा त्यांनी हाक मारली.

"ए पोरी, त्या काचंच्या बिल्डिंगीत जातीस ना तू? तितं म्होरं गाड्या लावत्यात बग. तितं माझं वावर व्हतं. आंबेमोहोर पिकायचा. शिजला की शेजारच्या घरी कळायचं."

"जमीन दिली तेव्हा वाईट वाटलं असेल, काकू."

"मला कुनी इचारलंय? सह्या करायला पंदरा मानसं आली व्हती. मी च्या केला समद्यांला." आणि त्या हसल्या. "च्या चांगला झाला व्हता म्हनं."

ओट्यावर त्यांच्याजवळ कधी कधी आणखी दोघी यायच्या. एक त्यांची थोरली जाऊ, शेजारच्याच घरात राहणारी. आम्ही भाडेकरू तिला मोठ्या काकू म्हणायचो. दुसरी मागच्या आळीतली विधवा मावशी. या तिघींची वीस वर्षांची सावड होती. आमच्याकडे हा शब्द मी ऐकला नव्हता, तेव्हा काकूंनीच समजावून सांगितलं. भातलावणीला आज तिघींनी मिळून एकीचं वावर लावायचं, उद्या दुसरीचं, परवा तिसरीचं. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. दिवसाला दिवस फेडायचा. पावसात कमरेत वाकून, तोंडाने सगळ्या गावाची उणीदुणी काढत त्यांनी एकमेकींची वावरं लावली होती. जमिनी गेल्या आणि सावडही गेली. भांडण नव्हतं, पण एकमेकींच्या घरी जायचं कारणच उरलं नव्हतं.

त्या पावसाळ्यात मला ताप आला. दोन दिवस खाली उतरले नाही, तशा काकू वर आल्या. तांदळाची भाकरी आणि हुलग्याचं पिठलं घेऊन. मला ज्वारीची सवय. ती पांढरी, मऊ, रुमालासारखी घडी पडणारी भाकरी मी पहिल्यांदा खाल्ली आणि मला रडू आलं. काकू म्हणाल्या, "तिखाट झालं व्हय?" मी हो म्हणाले.

मी बरी झाल्यावर शेजारच्या खोलीतल्या मुलीने विचारलं, काकू आम्हालाही डबा देतील का? मग तिसऱ्या खोलीने विचारलं. महिनाभरात वीस डबे झाले आणि काकूंनी मोठ्या काकूंना आणि मावशींना बोलावून घेतलं.

त्यांनी धंदा कसा मांडला, हे आठवलं की आजही मला हसू येतं. त्यांनी त्याचीही सावडच केली. सोमवार-मंगळवार स्वयंपाक काकूंच्या घरी, बुधवार-गुरुवार मोठ्या काकूंकडे, शुक्रवार-शनिवार मावशींकडे. ज्या घरी चूल, त्या घरी त्या दिवसाचे पैसे. बाकीच्या दोघींनी येऊन राबायचं. भाकरीवरून कळायचं आज कुणाची पाळी ते. मोठ्या काकूंकडे कडा जाड, मावशींकडे मीठ जास्त. भाडेकरू मुलं जिन्यातून ओरडायची, "काकू, आज कुठल्या गेटला यायचं?" आणि खालून उत्तर यायचं, "भूक लागली की वास येतोय तिकडं या!"

मी शनिवारी-रविवारी त्यांच्यात जाऊन बसू लागले. कांदा चिरायचे, डबे पुसायचे. मोठ्या काकू माझ्या चिरण्याला नावं ठेवायच्या. "इंजेर हाय म्हनं. कांदा कापतीया का लाकडं फोडतीया?" मावशी म्हणायच्या, "असू दे गं, पगार कांद्याचा न्हाई तिला." ते महिने माझा आवाज सोमवारी नीट फुटायचा. पाढे म्हणायचे मी विसरले होते.

मग एका ऑफिसातून एक बाई आल्या. त्यांना रोज साठ जणांचं दुपारचं जेवण हवं होतं. जेवण चाखून त्या खूश झाल्या, पण म्हणाल्या की अन्नाचा परवाना लागेल, एकच पत्ता आणि एकच खातं लागेल. पुढच्या सोमवारपासून सुरू करायचं असेल तर आठवड्यात कागद हवेत. नाहीतर त्यांना दुसरीकडे बघावं लागेल.

काकूंचा चेहरा मी तेव्हा पाहिला. त्या रात्रंदिवस राबायला तयार झाल्या असत्या. "पोरी, व्हईल का ग कागद?"

मी म्हणाले, "तुम्ही काळजीच करू नका. कागद माझ्यावर सोडा."

त्याच संध्याकाळी मी लॅपटॉप घेऊन बसले. अर्जात विचारलं होतं, धंदा कुठल्या प्रकारचा? एकटीचा, भागीदारीचा की गटाचा. गट निवडला तर आणखी कागद मागत होते. ठराव, सह्या, नोंदणी. ते आठवड्यात होणार नाही, हे मला दिसत होतं. मी एकटीचा निवडला. पुढचा रकाना मालकाच्या नावाचा होता. काकू माझ्या घरमालकीण, तापात मला भाकरी घेऊन आलेल्या. मी त्यांचं नाव लिहिलं. दुसऱ्या दोघींना विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. माझं कामच दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं आहे. पण तो अर्ज मी तीन वेळा तपासला आणि मला एकही चूक सापडली नाही. सगळे रकाने भरलेले होते.

परवाना वेळेत आला. मी त्याची रंगीत प्रत काढली, प्लॅस्टिकचं आवरण घातलं आणि रविवारी दुपारी काकूंना दिली. त्यांनी पदराने हात पुसले. त्यांना वाचता यायचं नाही, पण आपलं नाव कसं दिसतं ते माहीत होतं. त्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "ह्ये मीच ना?"

"हो, काकू. तुम्हीच."

त्यांनी तो देवघराशेजारी खिळ्याला लावला. थोड्या वेळाने मोठ्या काकू आल्या. त्या सातवी शिकलेल्या. भिंतीजवळ उभं राहून त्यांनी सगळं सावकाश वाचलं, ओठ हलवत.

"एकलीचंच हाय व्हय?"

काकू म्हणाल्या, "पोरीनं भरलंय, आक्का. मला काय कळतंय त्यातलं?"

"जिमीन गेली तवा दादल्यांनी बी असंच सांगितलं व्हतं. कागुद हाय, तुमाला काय कळतंय."

मी मध्ये पडले. म्हणाले की हे नुसतं कागदापुरतं आहे, एकच नाव टाकता येतं, काम तिघींनीच करायचं आहे.

"आन पैकं?"

काकू घाईने म्हणाल्या, "माझ्या खात्यात येत्याल आन मी वाटून देईन की. समान. शप्पत!"

मोठ्या काकू रागावल्या नव्हत्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "सावडीत कुनी कुनाला देत न्हाई गं. सावड फेडत्यात."

सोमवारी साठ डबे निघाले. दोघीही पहाटे हजर होत्या. मंगळवारीही आल्या. मला वाटलं, निभावलं. मंगळवारी संध्याकाळी मी ऑफिसातून आले तेव्हा मोठ्या काकू नळावर हात धूत होत्या. मावशी पायरीवर चपला घालत होत्या.

"मागल्या हप्त्यात तू दोन दिस माझ्याकडं राबलीस," मोठ्या काकू दारात उभ्या काकूंना म्हणाल्या, "आन दोन दिस हिच्याकडं. आमी दोगींनी दोन-दोन दिस केलं. फिटली."

मावशींनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि त्या मोठ्या काकूंच्या मागे गेल्या.

बुधवारी पहाटे काकू एकट्या होत्या. मी त्या आठवड्यात रोज चारला उठून त्यांच्या हाताखाली गेले. माझ्या भाकऱ्या फाटायच्या. त्या फाटलेल्या भाकऱ्या आम्ही दोघीच खायचो. मी म्हणाले, गटाची नोंदणी करू, मी करते, दोन महिने लागतील. काकू म्हणाल्या, "त्येंनी यायला तर पायजे." मग त्यांनी पगारावर दोन बाया ठेवल्या, परराज्यातून आलेल्या. त्या चांगल्या होत्या, कामाला वाघ होत्या. त्या एकमेकींशी हिंदीत बोलायच्या, काकूंना हिंदी येत नव्हतं.

मी मोठ्या काकूंच्या घरी माफी मागायला गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "बस. तू कशाला माफी मागतीस? तुला सावड कुटं म्हाईत? तुझी कुनी कवा फेडली हाय का?"

मी त्यांच्या सुपातले खडे वेचायला लागले.

सूप बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "आता आलीच हायस तर माझा बी कागुद कर."

मी केला. एकटीचा प्रकार, मालकाच्या रकान्यात त्यांचं नाव. त्या आता एका बांधकामावरच्या कामगारांना जेवण देतात. तेही चांगलं चालतं. दोन घरांच्या मध्ये एक भिंत आहे. भिंतीच्या अलीकडे एक परवाना आहे, पलीकडे एक. पहाटे दोन्हीकडे भाकऱ्या थापल्याचा आवाज येतो. अलीकडचा थांबला की पलीकडचा ऐकू येतो. कुणी मोजायला आलं असतं तर त्याला एकाच्या जागी दोन धंदे दिसले असते, दोघींची खाती, पगारावरच्या चार बाया. यातलं काहीही खोटं नाही, आणि मला ते कमी लेखायचंही नाही. काकूंनी स्वतःच्या पैशाने पहिल्यांदा काही घेतलं तो पिठाच्या मशीनचा दिवस मी पाहिला आहे. त्या मशीनला त्यांनी स्वतः हार घातला, काकांना घालू दिला नाही.

पण मावशी या मोजणीतून गळाल्या होत्या. त्यांचं घर एका खोलीचं, साठ डब्यांची चूल तिथे मावणारी नव्हती. सावडीत त्यांचे आठवड्याचे दोन दिवस हक्काचे होते. ते गेल्यावर मोठ्या काकूंनी त्यांना पगारावर बोलावलं. त्या गेल्या नाहीत. एके दिवशी आमच्या ऑफिसच्या चौथ्या मजल्यावर, बाथरूममध्ये हात धुताना मागून आवाज आला, "व्हय गं इंजेर, कांदा कापाया शिकलीस का न्हाई?" निळा गणवेश, केसांवर जाळी, हातात पुसणं. मावशी होत्या. त्या म्हणाल्या, "खिडकीतनं बग. त्यो खांब हाय ना, तितं आमचा बांध व्हता. माझ्याच वावरात मला पगार मिळतोय." त्या हसल्या. मग सुपरवायझर आली आणि त्या खाली वाकल्या. त्यानंतर रोज आम्ही एकमेकींना बघून मान हलवायचो. मी मुद्दाम चौथ्या मजल्यावर जायचे. कधीकधी जायचे नाही.

पुढच्या आषाढात काकू म्हणाल्या की त्यांची पाच गुंठे जमीन अजून उरली आहे, ओढ्याकाठची, कुणालाच नको असलेली. ती लावायची आहे. मजूर मिळत नाहीत. पगारावरच्या बायांना भात येत नाही. मी रजा टाकली.

रोपांची मूठ डाव्या हातात धरायची, दोन-तीन काड्या अंगठ्याने चिखलात दाबायच्या, एक पाऊल मागे. ऐकायला सोपं वाटतं. तासाभरात माझी कंबर गेली आणि माझी ओळ नागासारखी वळत बांधाला लागली. काकू पुढच्या वाफ्यात होत्या, एकट्या. इतकं शांत मी कुठलं शेत पाहिलं नव्हतं. पावसाचा आवाज तेवढा होता.

दुपारी बांधावर मोठ्या काकू दिसल्या. गुरांना गवत न्यायला आल्या असाव्यात. बराच वेळ त्या नुसत्या उभ्या राहिल्या. मग भारा खाली टाकला, पातळ खोचलं आणि चिखलात उतरल्या. माझी वाकडी ओळ त्यांनी उपटली आणि पुन्हा लावली. मग शेजारची. काकूंकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

मी म्हणाले, "मोठ्या काकू, बरं झालं आलात."

"तुमच्यासाठी न्हाई आले. भात बगवंना."

तासाभराने भारा डोक्यावर घेऊन त्या गेल्या. काकू तेव्हाच कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या आणि त्या वाटेकडे पाहत राहिल्या. संध्याकाळी पाय धुताना म्हणाल्या, "तुझा दिस माझ्यावर चढला पोरी. पन तुझं वावर कुटं हाय? कुटं फेडू?"

पुढच्या दिवाळीत मला बढती मिळाली आणि मी सूसला एका सोसायटीत भाड्याने फ्लॅट घेतला. आईला व्हिडिओवर दाखवला. स्वयंपाकघर, बाल्कनी, नळाचं गरम पाणी. आई म्हणाली, "एवढ्या घरात एकटीच व्हय गं?" मी म्हणाले, "हो. बरं आहे." सामान खोक्यांतच होतं. पंधरा दिवस तसंच राहिलं. सोमवारचे पाढे पुन्हा सुरू झाले होते.

एका रविवारी सकाळी गेटवरून वॉचमनचा फोन आला. "मॅडम, एक काकू आल्यात. कशाला आलात विचारलं तर म्हणतात, कामावर आलेय."

काकू आल्या होत्या. त्या बसल्या नाहीत. पदर खोचून त्यांनी खोकी फोडली, भांडी घासून लावली, ओट्याच्या कोपऱ्यात साचलेलं तेल खरवडून काढलं. मी म्हणत राहिले, काकू राहू द्या, बसा, चहा घ्या. "च्या दुपारी. वावरात काय सकाळीच च्या पितोय व्हय?" दुपारी त्यांनी भाकऱ्या केल्या. आम्ही खाली फरशीवर बसून जेवलो. जेवताना त्या सहज म्हणाल्या, "आक्काकडं गेलते मदी. त्या लावणीचा तासभर ऱ्हायला व्हता न्हवं तिचा? जाऊन तासभर भाकऱ्या थापल्या."

"बोलल्या का?"

"न्हाई." घास गिळून त्या म्हणाल्या, "च्या दिला पन."

"आणि मावशी?"

काकूंनी ताटात बघितलं. "तिची कशी फेडायची त्ये मला बी उमजंना. तुला उमजलं तर सांग."

मला उमजलं नव्हतं, अजूनही उमजलेलं नाही. गटाची नोंदणी कशी करायची ते मी शोधून ठेवलं आहे. तीन सह्या लागतात. कागद माझ्या लॅपटॉपमध्ये तयार आहे. तो या वेळी मी भरलेला नाही. तिन्ही रकाने मोकळे सोडले आहेत.

ऊन उतरलं तशा काकूंनी हात धुतले. दिवस मावळायच्या आत निघायचं म्हणाल्या, उद्याची डाळ भिजवायची होती. दारात चपला घालताना त्यांनी घराकडे एकदा नजर टाकली, लावून झालेल्या वाफ्यावर टाकावी तशी.

"फिटली बग."

लिफ्ट खाली गेली. मी दोन ताटं धुतली. त्या घरात इतका वेळ कुणी बोलत होतं हे भिंतींनाही खरं वाटलं नसतं. मला आठवलं, मोठ्या काकूंनीही नळावर हात धूत हाच शब्द उच्चारला होता. सावड फिटली की कुणी कुणाच्या घरी जायला बांधलेलं नसतं.

सोमवारी ऑफिसात गेले आणि पुढच्या आषाढातली एक दिवसाची रजा आत्ताच टाकून ठेवली. कारणाच्या रकान्यात काय लिहावं, ते सुचेना. शेवटी लिहिलं, शेतीचं काम. मला कुणी बोलावलेलं नाही. पण मी न बोलावता ओढ्याकाठी जाणार आहे आणि माझी ओळ वाकडी लावणार आहे, दिवस मावळेपर्यंत. म्हणजे पुन्हा माझा एक दिवस काकूंवर चढेल.